व्हॉन विलेब्रँड ॲक्टिव्हिटीचं नवं किट: घ्या, पण रिस्टोसेटिन टाकू नका

कोॲग्युलेशनच्या, म्हणजे रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या, टेबलावर बसणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. रक्तस्राव थांबवायला लागणाऱ्या व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या प्रथिनाची ॲक्टिव्हिटी मोजायला तुमच्याकडे अजून प्लेटलेट आणि रिस्टोसेटिनची जुनी पद्धत चालू असेल, तर जीपीवनबी-एम पद्धतीचं (प्लेटलेटवरच्या रिसेप्टरचा मुद्दाम बदललेला तुकडा वापरणारं) लॅटेक्स किट घ्या. जुन्यापेक्षा ते सरस आहे, आणि सरस आहे ते नेमकं खालच्या टोकाला, जिथे आकड्याची खरी गरज पडते. रिस्टोसेटिनची बाटली मात्र फ्रीजमधून हलवू नका. का, ते पुढे येईलच. किटचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रारीही करायच्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच एका कंपनीच्या नसून या सगळ्या पद्धतीच्याच आहेत.

वाचणाऱ्यांत लॅबबाहेरची माणसंही असतात, म्हणून थोडक्यात पार्श्वभूमी. रक्तवाहिनीला इजा झाली की आतलं कोलॅजेन उघडं पडतं. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर एकीकडे त्या कोलॅजेनला धरतो आणि दुसरीकडे वाहत्या प्लेटलेटवरचा जीपीवनबी नावाचा रिसेप्टर पकडतो. शिवाय रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठला सांभाळून नेणं हेही त्याचंच काम; तो सोबत नसला तर फॅक्टर आठ रक्तात टिकत नाही. या प्रथिनाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबलचक साखळ्या तयार होतात. त्यांना मल्टिमर म्हणतात, आणि सगळ्यांत मोठ्यांचं वजन २ कोटी डाल्टनपर्यंत जातं. साखळी जितकी लांब तितकी तिची पकड घट्ट. त्यामुळे नुसतं ‘किती आहे’ मोजून भागत नाही, ‘काम किती करतं’ तेही बघावं लागतं. पहिला आकडा अँटिजेनचा, दुसरा ॲक्टिव्हिटीचा. दोन्ही सारखेच कमी असतील तर टाइप १. ॲक्टिव्हिटी भागिले अँटिजेन ०.७ च्या खाली उतरलं की प्रथिन आहे पण बिघडलेलं आहे असं समजून टाइप २ चा शोध सुरू होतो. जवळजवळ काहीच नसेल तर टाइप ३. आजाराला नाव मिळालं ते एरिक व्हॉन विलेब्रँड या फिनिश डॉक्टरांचं. आलँड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्राव त्यांनी १९२६ साली लिहून ठेवला. त्यांनी तपासलेली पाच वर्षांची मुलगी पुढे पाळीतल्या रक्तस्रावानं गेली. पाळीला फार रक्त जाणाऱ्या मुलींची सॅम्पल आजही आमच्याकडे या चाचणीसाठी येतात, म्हणून हे सांगितलं.

आता रिस्टोसेटिन. हे मुळात अँटिबायोटिक. १९५० च्या दशकात स्टॅफिलोकोकसच्या संसर्गावर वापरात आलं, रुग्णांच्या प्लेटलेट घसरायला लागल्या, आणि औषध म्हणून त्याचा कारभार आटोपला. १९७१ मध्ये हॉवर्ड आणि फर्किन यांनी दाखवलं की निरोगी माणसाच्या प्लेटलेट रिस्टोसेटिन टाकताच एकत्र गोळा होतात, पण व्हॉन विलेब्रँडच्या रुग्णांच्या तशा होत नाहीत. मग चाचणी त्यावरच उभी राहिली. शरीरात या प्रथिनाची पकड उघडते ती रक्ताच्या प्रवाहाच्या ओढीमुळे. क्यूव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या नळीत, तो प्रवाह कुठून आणणार? तिथे ती पकड रिस्टोसेटिन उघडून देतं. ज्या दोषापायी हे औषध बाद झालं, त्याच दोषावर त्यानं लॅबमध्ये इतकी वर्षं नोकरी केली.

ही जुनी पद्धत ज्यांनी हातानं केली आहे, त्यांना ती कशी छळते हे सांगायला नको. सुकवलेल्या प्लेटलेटच्या वायलमध्ये बफर घालायचं, हलकेच फिरवायची, जोरात हलवली तर आतच गोळे होतात. मग वाट बघायची. क्यूव्हेटमध्ये तांदळाएवढा स्टिरर सोडायचा. तो कधी तिरका अडकतो, फिरतच नाही, आणि कागदावर सरळ रेघ येते. नवख्याला वाटतं पेशंटला टाइप ३ आहे. दोन सॅम्पलमध्ये वेळ गेला तर प्लेटलेट तळाशी बसतात. पुन्हा मिसळायच्या. आलेखाचा चढ कुठून कुठवर मोजायचा यावर दोन टेक्निशियनचं एकमत होईल तर शपथ. बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत एकच सॅम्पल वेगवेगळ्या लॅबना पाठवतात. त्यात या पद्धतीच्या निकालांत २० ते ३० टक्क्यांचा फरक नेहमीचाच, आणि पातळी जितकी खाली तितका तो वाढत जातो. दर डेसिलिटरला १० ते २० युनिटच्या खाली तर ही पद्धत हातच वर करते. निरोगी माणसाची पातळी साधारण ५० च्या वर असते हे लक्षात घेतलं, तर ज्यांचा आजार गंभीर आहे नेमक्या त्यांचेच आकडे आपण अंधारात सोडत होतो. वखारीच्या काट्यावर सोनं तोलायचा प्रकार.

नव्या किटमध्ये खऱ्या प्लेटलेट नाहीत आणि रिस्टोसेटिनही नाही. लॅटेक्सचे बारीक कण, त्यांवर अँटिबॉडी, आणि त्या अँटिबॉडीनं धरून ठेवलेला, कृत्रिमरीत्या तयार केलेला जीपीवनबीचा तुकडा. सॅम्पलमधला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या तुकड्यांना धरतो, कण एकमेकांकडे ओढले जातात, गढूळपणा वाढतो, आणि तो किती वेगानं वाढला हे मशीन मोजतं. पण रिस्टोसेटिन नसताना पकड उघडते कशी? इथे किट बनवणाऱ्यांना दाद द्यायला हवी. त्या तुकड्यात मुद्दाम दोन बदल केलेले असतात, जी२३३व्ही आणि एम२३९व्ही. हे बदल निसर्गातून उचललेले आहेत. प्लेटलेट-टाइप व्हॉन विलेब्रँड नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात प्लेटलेटवरचा रिसेप्टर अशाच बदलांमुळे व्हॉन विलेब्रँड फॅक्टरला गरज नसताना चिकटत राहतो आणि रुग्णाच्या मोठ्या साखळ्या खर्ची पडतात. रुग्णाला जी गोष्ट त्रासाची, तीच इथे कामाला लावली आहे. पकड उघडायला तिसऱ्या कुणाची गरजच उरली नाही.

वापरायला किट साधं आहे. रिएजंट द्रवरूपातच येतात, पाणी घालून विरघळवायचं काम फक्त कॅलिब्रेटर (मशीनचं माप लावणारा प्लाझ्मा) आणि कन्ट्रोलचं (ते माप तपासणारा प्लाझ्मा). लॅटेक्सची बाटली दुधाळ दिसते आणि ठेवली की तळाशी बसते, म्हणून मशीनवर चढवण्याआधी हळूच चार-पाच वेळा उलटीपालटी करायची. आडवीतिडवी झटकली तर वर फेस येतो, मशीनची सुई फेसालाच द्रव समजते आणि अर्धाच रिएजंट ओढते. निकाल मग कमी येतो आणि मशीन एका शब्दानं तक्रार करत नाही. फेस आलाच तर स्वच्छ काडीच्या टोकानं वरचे बुडबुडे फोडायचे आणि बाटली थोडा वेळ उभी ठेवायची. माहितीपत्रकात हे एका ओळीत आहे. मोठ्या अक्षरांत, चौकटीत असायला हवं होतं.

बाकी सगळं मशीनचं. बाकीच्या कोॲग्युलेशन चाचण्यांसोबत त्याच रॅकमध्ये सॅम्पल लावा, दहा-एक मिनिटांत आकडा. रात्रपाळीला एकट्या माणसालाही ही चाचणी लावता येते, ही जुन्या पद्धतीत कल्पनेतली गोष्ट होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते खालचं टोक. एक उदाहरण घ्या. अँटिजेन १४ आलं, आणि जुन्या पद्धतीनं ॲक्टिव्हिटी ‘१० पेक्षा कमी’. गुणोत्तर किती? ०.७१ च्या वर नाही, एवढंच कळतं. खाली ०.१ असेल किंवा ०.६५, काही सांगता येत नाही. आता समजा नव्या किटवर ॲक्टिव्हिटी १२ आली, तर गुणोत्तर ०.८६, म्हणजे कमी असलं तरी प्रथिन धड आहे, टाइप १ चा गंभीर प्रकार. तीच ५ आली तर ०.३६, म्हणजे टाइप २ कडे बघा, साखळ्यांची लांबी दाखवणारी मल्टिमर जेल लावा. इथे मोजणीतली चूक दोन्हीकडून लागते हे खरं. अँटिजेन १३ ते १५ आणि ॲक्टिव्हिटी ४ ते ६ धरली तरी गुणोत्तर ०.२७ ते ०.४६ मध्येच राहतं, निर्णय बदलत नाही. पण गुणोत्तर ०.६५ किंवा ०.७५ आलं तर? या पातळीला ते एका सॅम्पलवर सांगायचं धाडस मी करत नाही. दुसरं सॅम्पल मागवते.

टाइप ३ च्या बाबतीत तर फरक आणखी मोठा. गंभीर टाइप १ मधल्या काही रुग्णांना डेस्मोप्रेसिन हे औषध दिलं की साठ्यातला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर रक्तात येतो आणि पातळी वर जाते. टाइप ३ मध्ये साठाच नसतो, त्यामुळे डेस्मोप्रेसिनचा उपयोग नाही. बाहेरून त्या फॅक्टरचं कॉन्सन्ट्रेट द्यावं लागतं. त्यातल्याही काही रुग्णांच्या शरीरात त्या कॉन्सन्ट्रेटविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात, आणि मग पुढचा डोस धोक्याचा ठरू शकतो. ‘१० पेक्षा कमी’ या एका ओळीत हे सगळे रुग्ण एकत्र कोंबले जायचे. डेस्मोप्रेसिनची चाचणी करताना आधी, एका तासानं आणि चार तासांनी सॅम्पल घेतात. सुरुवातीचाच आकडा धूसर असेल तर वाढ कशाच्या तुलनेत मोजणार?

खोक्यावर जी खालची मर्यादा छापलेली असते तिच्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नका. या पद्धतीच्या किटवर ती ४ युनिटच्या आसपास लिहिलेली दिसेल. ती त्यांच्या मशीनवर, त्यांच्या हातांनी, त्यांच्या लॉटवर काढलेली आहे. आपली आपण काढायची. व्हॉन विलेब्रँड नसलेला प्लाझ्मा घ्या आणि तोच वारंवार चालवा. शून्य असायला हवं, पण मशीन शून्य कधीच दाखवत नाही, काहीतरी आवाज, म्हणजे विनाकारण उमटणारा आकडा, असतोच. त्या आवाजाची सरासरी, अधिक त्याच्या प्रमाणित विचलनाची १.६४५ पट, ही झाली रिकाम्या सॅम्पलची मर्यादा. मग निरोगी लोकांच्या एकत्र केलेल्या प्लाझ्मात तोच रिकामा प्लाझ्मा मिसळून २०, १०, ५, ३ अशा पायऱ्या करा आणि प्रत्येक पायरी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांकडून चालवून घ्या. ‘काहीतरी आहे’ असं ओळखता येणं ही एक मर्यादा, आणि ‘इतकं आहे’ असं सांगता येणं ही तिच्याही वरची. रिपोर्टला दुसरीच लागते. माझ्याकडे ५ पर्यंतचे आकडे एकमेकांना धरून राहिले, ३ ला पांगले. म्हणून आम्ही ‘५ पेक्षा कमी’ असं लिहून थांबतो. मशीनच्या पडद्यावर २.७ असं देखणं काहीतरी येतं, पण ते रिपोर्टात जाऊ देत नाही.

आणखी एक बाब विक्रेता सांगणार नाही. निकाल कमी आला की मशीन आपणहून तेच सॅम्पल कमी पातळ करून पुन्हा चालवतं. संवेदनशीलता येते ती बऱ्याच अंशी तिथून. पण त्याचबरोबर क्यूव्हेटमध्ये पेशंटचा प्लाझ्माही जास्त जातो, आणि त्यातली चरबी, बिलिरुबिन, जे काही असेल ते सगळं जातं. चाचणी गढूळपणा मोजणारी, आणि प्लाझ्मा आधीच दुधाळ असेल तर तिनं काय करावं? असं सॅम्पल दिसलं की मी आकड्याआधी प्रतिक्रियेचा आलेख उघडते. सुरुवातीचीच रेघ वर चढलेली असेल तर तो निकाल थांबतो.

याहून खाली जायचं असेल तर रसायनदीप्तीवर (रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या प्रकाशावर) चालणारी किटं आहेत, ती १ युनिटच्याही खाली उतरतात. पण त्यांना वेगळं मशीन लागतं आणि ती रिस्टोसेटिनवरच चालतात. रिस्टोसेटिन काढून टाकल्याचा मुख्य फायदा तिथे हुकतो.

तो फायदा नेमका काय, ते एका सॅम्पलवरून सांगते. एक तरुण मुलगी, शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत अडकलेली. रक्तस्रावाचा इतिहास काहीच नाही, दात काढला तेव्हाही काही झालं नव्हतं. अँटिजेन नॉर्मल, जुन्या पद्धतीनं ॲक्टिव्हिटी त्याच्या निम्मी. कागदावर पक्का टाइप २. नव्या किटवर ॲक्टिव्हिटी अँटिजेनच्या बरोबरीनं आली. पुढे जनुकीय तपासणीत डी१४७२एच हा बदल मिळाला. प्रथिनावर रिस्टोसेटिन जिथे बसतं तिथलाच हा बदल आहे. प्लेटलेट धरायच्या कामात त्यानं काही बिघडत नाही, फक्त रिस्टोसेटिनला नीट बसता येत नाही. म्हणजे दोष रुग्णात नव्हताच, मापकात होता. हा बदल दुर्मीळही नाही, आफ्रिकी वंशाच्या लोकांत तर सर्रास आढळतो. अशा किती जणांच्या कपाळी रक्तस्रावाच्या आजाराचा शिक्का बसला असेल, याचा विचार केला की जुन्या रजिस्टरांकडे बघवत नाही. २०२१ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी, आयएसटीएच ही रक्त गोठण्यावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आणि हिमोफिलियाच्या दोन संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत रिस्टोसेटिन कोफॅक्टरऐवजी, म्हणजे प्लेटलेट-रिस्टोसेटिनच्या जुन्या पद्धतीऐवजी, या नव्या पद्धती वापरा असं सुचवलं आहे, ते उगाच नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची, टाइप २बी. या प्रकारात व्हॉन विलेब्रँड फॅक्टरच अति उत्साही असतो, न बोलावता प्लेटलेटला चिकटतो. ही चाचणी मुळातच चिकटायला सोपी करून ठेवलेली, तिला तो अति उत्साह वेगळा दिसत नाही. कधी गुणोत्तर कमी येतं आणि शंका येते, कधी नॉर्मल येऊन रुग्ण निसटतो. २बी पकडायचा तर पेशंटच्या ताज्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्मात रिस्टोसेटिनचा अगदी कमी डोस, मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, टाकून बघावं लागतं. निरोगी प्लेटलेट त्या डोसला ढिम्म राहतात, २बीच्या लगेच गोळा होतात. हे ओळखणं का गरजेचं, तर अशा रुग्णाला डेस्मोप्रेसिन दिलं की प्लेटलेट आणखी घसरू शकतात. म्हणून ती बाटली फ्रीजमध्येच राहू द्या. प्लेटलेटचं गोळा होणं मोजणारं ॲग्रिगोमीटर भंगारात काढायची घाई करणाऱ्या वरिष्ठांनाही हे समजावून सांगा.

दुसरी तक्रार, ही चाचणी एकच काम मोजते. कोलॅजेन धरण्यात दोष असेल तर तिला पत्ता लागत नाही, फॅक्टर आठला धरण्यात दोष असेल, म्हणजे टाइप २एन, तरीही नाही. डॉक्टर ‘ॲक्टिव्हिटी नॉर्मल’ वाचतात आणि फाइल बंद करतात. रिपोर्टखाली दोन ओळींची टीप टाकणं आमच्या हातात आहे, तेवढं आम्ही करतो.

तिसरी, संधिवाताच्या रुग्णांतला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर. तो लॅटेक्सचे कण परस्पर जोडू शकतो आणि निकाल खोटा वाढतो. किटमध्ये अशा अँटिबॉडी अडवणारा पदार्थ घातलेला आहे आणि बहुतेक वेळा तो पुरतोही. तरी ॲक्टिव्हिटी अँटिजेनपेक्षा बरीच जास्त दिसली की मी सॅम्पल दुप्पट, चौपट पातळ करून बघते. खरा निकाल असेल तर त्याच प्रमाणात उतरतो, खोटा असेल तर भलतीकडे जातो.

चौथी खरेदीच्या वेळची. बाजारात ‘ॲक्टिव्हिटी’ असं लिहून विकली जाणारी काही किटं प्रत्यक्षात फक्त अँटिबॉडीवर चालतात. प्रथिनाच्या प्लेटलेट धरणाऱ्या भागावर एक अँटिबॉडी बसते का, एवढंच ती बघतात. त्यात जीपीवनबीचा तुकडाच नसतो. काम करतं का, हे तिथे मोजलंच जात नाही. म्हणून जाहिरातीचं पान बाजूला ठेवून माहितीपत्रकातला घटकांचा परिच्छेद वाचा. त्यात जीपीवनबीचा तुकडा आहे का आणि रिस्टोसेटिन आहे का, हे दोन प्रश्न विचारले की कुठल्या जातीचं किट आहे ते कळतं.

यापुढचा भाग किटचा नाही, सॅम्पलचा आहे. पण किट जितकं संवेदनशील तितकी सॅम्पलमधली गडबड ठळक दिसते, म्हणून लिहिणं भाग आहे. निळ्या टोपणाची सायट्रेटची ट्यूब, ३.२ टक्के, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, ट्यूब खुणेपर्यंत भरलेली. हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते पुढे. रक्ताची ट्यूब बर्फात ठेवून पाठवायची सवय कितीतरी ठिकाणी आहे. ‘रक्त थंड ठेवलं म्हणजे चांगलं राहतं’ हा समज जाता जात नाही. व्हॉन विलेब्रँडच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे: प्लाझ्मा वेगळा न करता रक्त थंड ठेवलं की पातळी घसरते, कधी निरोगी माणसाची आजाऱ्यासारखी दिसण्याइतकी. साध्या खोलीच्या तापमानाला ठेवा आणि चार तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करा. प्लेटलेट काढायला प्लाझ्मा फिल्टरमधून गाळू नका, मोठ्या साखळ्या फिल्टरमध्येच अडकतात. दोनदा फिरवा.

गोठवलेला प्लाझ्मा वितळवताना तर डोळ्यांनी बघायलाच हवं. ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये पाचेक मिनिटं, पूर्ण वितळेपर्यंत. फ्रीजमध्ये सावकाश वितळवला तर ट्यूब उजेडासमोर धरल्यावर तळाशी पांढरट, कापसाच्या धाग्यासारखं काहीतरी तरंगताना दिसतं. ते क्रायोप्रेसिपिटेट. १९६० च्या दशकात ज्युडिथ पूल यांनी हेच वेगळं काढून हिमोफिलियाच्या उपचारात वापरता येतं हे दाखवलं होतं, कारण फॅक्टर आठ, व्हॉन विलेब्रँड आणि फायब्रिनोजेन त्यातच गोळा होतात. उपचारात ते वरदान, पण आपल्या ट्यूबमध्ये ते तळाशी बसलं आणि मशीनच्या सुईनं वरचा प्लाझ्मा ओढला, की रुग्णाला नसलेला आजार रिपोर्टात उतरतो. असं सॅम्पल ३७ अंशांवर परत ठेवा, धागे दिसेनासे झाले की हळूच मिसळा, मगच लावा.

आणि रुग्ण स्वतः. सुईच्या भीतीनं रडणारं मूल, जिने चढून धापा टाकत आलेला माणूस, ताप, गर्भारपण, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, या सगळ्यांत पातळी वर जाते. ओ रक्तगटाच्या लोकांत ती इतरांपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी कमी असते. ५५ हा आकडा कितीही अचूक मोजला तरी तो शांत बसलेल्या माणसाचा की घाबरलेल्याचा, हे किटला कळत नाही. शंका आहे तिथे काही आठवड्यांनी पुन्हा.

कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे महिन्याला चार-दोनच सॅम्पल येतात, त्यांनी स्वतः करण्यापेक्षा नीट गोठवून मोठ्या लॅबकडे पाठवावीत. उघडलेली बाटली मशीनवर फार काळ टिकत नाही आणि अर्धी फेकताना जीव तुटतो. बाकीच्यांनी घ्यावं, आणि जमलं तर अँटिजेनचं किटही त्याच घराण्यातलं, एकाच कॅलिब्रेटरवर बेतलेलं घ्यावं. गुणोत्तर काढताना वरचा आकडा एका मापानं आणि खालचा दुसऱ्या मापानं मोजलेला असला की नसलेला टाइप २ तयार होतो. बदलताना काही काळ जुनी-नवी पद्धत शेजारी शेजारी चालवा आणि नेहमीच्या रुग्णांच्या डॉक्टरांना आधी फोन करा. वर्षानुवर्षं ३५ येणाऱ्याचं एकाएकी ४८ आलं की पहिला संशय लॅबवरच येतो.

बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. सोबत मिळणाऱ्या कन्ट्रोलमध्ये एक नॉर्मल आणि एक तीसेक युनिटचा असतो. ज्या खालच्या टोकाची एवढी जाहिरात करता, तिथला, ८-१० युनिटचा कन्ट्रोल द्या की. तोपर्यंत आम्ही रिकाम्या प्लाझ्मात निरोगी लोकांचा एकत्र केलेला प्लाझ्मा मिसळून स्वतःच बनवतो, छोट्या ट्यूबमध्ये उणे ७० अंशांवर ठेवतो, आणि गंभीर रुग्णाचं सॅम्पल आलं की त्याच्या आधी एक ट्यूब वितळवून चालवतो. ती आपल्या मर्यादेत बसली तरच रुग्णाचा आकडा बाहेर जातो.